हजेरीत नाव आहे, पण वर्गात जागा?

गेल्या वर्षीची गोष्ट. सहावीच्या वर्गात एका मुलाच्या नावापुढे मी सलग तीन दिवस गैरहजेरी मांडली. चौथ्या दिवशी तो आला आणि नेहमीसारखा खिडकीकडेला, शेवटच्या रांगेत जाऊन बसला. मी वर्गाला सहज विचारलं, “काय रे, तीन दिवस कोण नव्हतं आपल्यात?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी भलत्याच मुलीचं नाव घेतलं, कुणी म्हणालं, सगळेच तर होते. त्याचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. तो समोर बसून ऐकत होता.

असला प्रश्न भर वर्गात विचारू नये, एवढं एकोणीस वर्षं शिकवून मला कळायला हवं होतं. पोरगा कधी कुणाशी भांडला नव्हता. अभ्यासात मधला. वेळेवर यायचा, खिचडी खायचा, घरी जायचा. कागदोपत्री त्याचं सगळं उत्तम चाललं होतं आणि वर्गात तो असून नसल्यासारखा होता.

तो जवळच्या तांड्यावरून येतो. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. तांड्यावरची शाळा चौथीपर्यंत : एका खोलीत चार इयत्ता, मिळून पंधरा-सोळा पोरं, आणि गुरुजींना मुलांच्या नावांबरोबर त्यांच्या शेळ्यांचीही नावं पाठ. तिथून तो पाचवीला आमच्याकडे आला, तेव्हा एका वर्गात चौतीस जण, तासागणिक वेगळे शिक्षक आणि बहुतेकांच्या मैत्र्या पहिलीपासून पक्क्या झालेल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिला टप्पा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि दुसरा ३ किलोमीटरच्या आत मिळायला हवा. पण आपल्या कितीतरी शाळा जुन्या बेतानुसार चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंतच आहेत. त्यामुळे पुष्कळ मुलं पाचवीला एकदा आणि आठवीला पुन्हा एकदा नव्या शाळेत परकी होऊन बसतात. आणि हे घडतं ते नेमकं अंगात आणि मनात सगळी उलथापालथ चाललेली असते त्या वयात.

दहा ते चौदा : आत काय चाललेलं असतं

मुलींना पाळी साधारण याच वर्षांत येते, काहींना पाचवीतच. मुलांचा आवाज फुटतो, मिसरूड दिसायला लागतं. जूनमध्ये पहिल्या बाकावर बसवलेली मुलगी मार्चपर्यंत वर्गात सगळ्यांत उंच झालेली असते आणि पोक काढून चालायला लागते. हे डोळ्यांना दिसतं. मेंदूतलं दिसत नाही. तिथे भावना उसळवणारी यंत्रणा आधी जोरात कामाला लागते, आणि ‘थांब, जरा विचार कर’ म्हणणारा कपाळामागचा भाग पुरता पिकायला विशीचा मध्य उजाडतो. बैल जुंपलेत, गाडी उताराला लागलीय आणि कासरा अजून नीट हातात आलेला नाही, असं हे वय. म्हणून कालपर्यंत गळ्यात गळे घालून फिरणाऱ्या दोघी आज एका पट्टीवरून अबोला धरतात. आपण म्हणतो, एवढ्याशा गोष्टीवरून! त्यांच्या लेखी ती एवढीशी नसते.

याच वयात नजर फिरते. दुसरीतलं मूल गणित चुकलं की बाईंच्या तोंडाकडे बघतं. सहावीतलं मूल आधी शेजारच्या बाकाकडे बघतं, कोण हसलं ते. आपण दिलेल्या शाबासकीपेक्षा मागच्या बाकावरून आलेली ‘फुस्स’ त्याला जास्त ऐकू येते. पालकांना वाटतं, पोरगं हाताबाहेर चाललं. तसं नसतं, ते आपली जागा शोधत असतं.

आता भीतीचं बघू, कारण तिचा अभ्यासाशी थेट संबंध आहे. एका वेळी डोक्यात धरून ठेवण्यासाठी आपल्याकडे जी जागा असते, ती छोटी पाटी समजा. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद काय केला, हातचा किती राहिला, हे सगळं त्या पाटीवर मांडावं लागतं. ‘चुकलं तर हसतील’ हे वाक्यही त्याच पाटीवर येऊन बसतं आणि अर्धी जागा अडवतं. मग “घरी येत होतं हो मॅडम, फळ्यापाशी गेल्यावर गेलं,” असं मूल म्हणतं, ते खरंच असतं. त्याला धडा येत असतो, मांडायला पाटी उरलेली नसते. मन शांत असणं आणि गणित येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मानून आपण तासांचं वेळापत्रक आखतो, तिथेच गफलत होते.

झोपेबद्दल थोडक्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, आणि वयात येऊ लागलं की रात्री डोळा लागण्याची वेळ आपोआप पुढे सरकते. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, ते बरंच केलं. पण दोन सत्रांच्या शाळांत सात वाजता डोळे चोळत बसणारी सातवीची पोरं त्यात आली नाहीत.

फोटो काढला, उपक्रम झाला

मुलांच्या मनाची काळजी शाळेने घ्यावी, हे काही आता नव्याने सुचलेलं नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम २९मध्ये मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मोकळं ठेवणं हे अभ्यासक्रमाचंच काम म्हणून सांगितलं आहे. कलम १७ने छडी बंद केली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमात मानसिक छळालाही बंदी आहे, हे फार जणांच्या ध्यानात नसतं. ‘तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली होती का’ हा टोमणा छडीच्याच पंगतीत बसतो.

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८मध्ये नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस करिक्युलम’ आला, त्यासाठी रोज एक तासिका राखून ठेवली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले, मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन काम शिकावं म्हणून. आपल्याकडे २०२४मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला.

मला हे सगळं आवडतं. शनिवारी दप्तर नसलं की पोरांची चालसुद्धा बदलते. पण आमच्या खात्याचं एक दुखणं आहे : उपक्रम झाला म्हणजे त्याचा फोटो ग्रुपवर गेला. शनिवारी मुलं ध्यानाला बसलेली, डोळे मिटलेले, फोटो झकास. आणि सोमवारी त्याच वर्गात चाचणीचे पेपर वाटताना गुण मोठ्याने वाचायचे, कमीपासून सुरुवात करून. शनिवारच्या अर्ध्या तासाने सोमवारचं ते भरून निघत नाही.

त्या हजेरीच्या फजितीनंतर मी कोणत्याही उपक्रमाला एकच प्रश्न विचारायला लागले. हे मूल आज नसतं, तर इथे कुणाचं काही अडलं असतं का?

वृक्षारोपण घ्या. एक रोप, तीस मुलं, पाहुण्यांच्या हातात झारी. एकोणतीस मुलं घरी गेली असती तरी रोप लागलंच असतं. त्याच रोपांना दोघादोघांच्या जोड्या लावून दिल्या आणि पाण्याचे वार ठरवले, की गुरुवारी जोडी आली नाही तर रोप कोमेजतं आणि शुक्रवारी वर्गात बोंब होते. रोपं तीच असतात, खर्चही वाढत नाही.

परिपाठ

महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाला परिपाठ ठाऊक. राष्ट्रगीत, आता २०२३पासून राज्यगीतही, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, शेवटी पसायदान किंवा मौन. उन्हात रांगा, मधेच कुणाला तरी चक्कर. कंटाळवाणा म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. पण घरून भांडण ऐकून आलेल्या मुलाला दिवसाची सुरुवात रोज एकाच क्रमाने होणं हाच आधार असतो. पुढे काय होणार हे माहीत असलं की अंगातला ताण उतरतो. तेव्हा परिपाठ मोडू नये. सुविचार कोण वाचतं ते बघावं.

आमच्याकडे सुविचार, बातम्या, बोधकथा या सगळ्याला मिळून तीच पाच मुलं असायची. खणखणीत आवाजाची, स्वच्छ उच्चारांची, बहुतेक गावातल्या घरांतली. मी हजेरी क्रमांकाने पाळ्या लावल्या. पहिले पंधरा दिवस परिपाठाचे हाल झाले. एकाने दिनविशेष सांगताना वीस सेकंद नुसता आवंढा गिळला. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. मग ज्यांना उभ्याने बोलवत नाही त्यांना घंटा देणं, तारीख-वार-तापमान फळ्यावर लिहिणं, ढोलकीवर ठेका धरणं अशी कामं आखली. तीही नावापुरती नकोत. ढोलकीवाला आला नाही की प्रार्थना लंगडते, एवढं पुरे.

मौनाबद्दल एक सांगायचं आहे. ‘डोळे मिटा, मन शांत करा’ असं सांगून दहा-बारा वर्षांचं मन शांत होत नाही. त्यांना हातात धरायला काहीतरी लागतं. श्वास चार मोजत आत घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा, असं सांगितलं की जमतं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही शरीराचीच रीत आहे. म्हणून सोडण्याचा वेळ थोडा लांबवायचा. कुणाला डोळे मिटायला नको वाटत असेल तर मिटवायला लावू नका. काही मुलांना डोळे मिटल्यावर दिसतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

‘टेन्शन’ सोडून दुसरा शब्द

शुक्रवारी शेवटच्या तासाला आम्ही बाकं भिंतीला लावून गोल बसतो. पोरांनीच त्याला नाव दिलं, रिंगण. नियम मोजके : बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचं, कुणी बोलत असताना उपाय सुचवायचे नाहीत, आणि इथलं बोलणं मैदानावर चिडवायला वापरायचं नाही.

पहिल्या रिंगणात मी विचारलं, हा आठवडा कसा गेला? उत्तरं तीन आली. ‘भारी’, ‘बोअर’ आणि ‘टेन्शन’. घरात आजारी आजी असलेली मुलगी म्हणाली टेन्शन. वही हरवलेला म्हणाला टेन्शन. बहिणीचं लग्न ठरलेला म्हणाला टेन्शन. एकाच पोत्यात सगळं भरल्यावर काय कुठे आहे हे शोधणार कसं?

तेव्हा आम्ही शब्द गोळा करायला लागलो. घरी आजी-आजोबांना विचारून आणायचे. मराठीत मनाच्या अवस्थांना किती बारीक शब्द आहेत हे मलाही त्या निमित्ताने नव्याने कळलं. रुसणं वेगळं, फुरंगटणं वेगळं, हिरमुसणं त्याहून वेगळं : रुसलेल्याला कुणीतरी मनवावं असं वाटत असतं, हिरमुसलेल्याला तेही उरलेलं नसतं. धास्ती पुढे घडायच्या गोष्टीची. हुरहुर कुणाच्या तरी नसण्याची. ओशाळणं आपल्या चुकीने, कानकोंडं होणं दुसऱ्यांच्या नजरेने. कसंनुसं होणं, घुसमटणं, वरमणं, खट्टू होणं, आतल्या आत कुढणं. एका आजीने नातीच्या हाती ‘जीव टांगणीला लागणं’ पाठवलं. आणि ‘करमणं’! नव्या शाळेत ‘करमत नाही’ हे सांगायला दुसरा कोणता शब्द पुरा पडेल?

हा भाषेचा तास होता की मनाचा, ते मला सांगता येणार नाही. पण त्यामागचं कारण पक्कं आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांनी २००७मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. रागावलेल्या-घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं बघताना माणसांनी त्या भावनेचं नाव निवडलं, की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, अमिग्डालाची, खळबळ कमी होताना दिसली. नुसतं बघत राहण्यात तसं होत नव्हतं. म्हणजे भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोर थोडा उतरतो. आपल्या आया-आज्यांनी ‘बोलून टाक, मोकळी हो’ हे प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतंच.

आता आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर शब्दांचा तक्ता आहे. एकदा मधल्या सुट्टीतलं भांडण माझ्यापर्यंत आलं, तेव्हा तावातावाने एक जण म्हणाला, “मॅडम, मला राग नाय आला, मला त्यानं कानकोंडं केलं.” भांडण तिथेच अर्धं मिटलं, कारण काय मिटवायचं ते कळलं.

पाळीचं बोलणं रिंगणात आणायला मला वर्ष लागलं. आधी मुलींशी वेगळं बोलले, मग मुलांशी वेगळं. ‘कावळा शिवला’ म्हणजे काय, हे सातवीच्या मुलांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. चिडवायला पुरेल एवढं माहीत होतं. शरीरात काय होतं ते फळ्यावर आकृती काढून विज्ञानासारखं सांगितलं, आणि कपड्यावर डाग दिसला तर हसायचं नाही, ओढणी किंवा स्वेटर द्यायचा, एवढंच मागितलं. जी मुलगी त्या चार दिवसांत शाळेला येत नव्हती ती आता येते. स्वच्छतागृहात पाणी असतं तेव्हा.

रिंगणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुलं बोलायला लागली की कधीतरी असं काही सांगतात, जे ऐकून आपल्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून ‘इथलं बोलणं इथेच राहील’ असं वचन मुलांना कधीही देऊ नये. मी पहिल्याच दिवशी सांगते : तुम्हाला कुणी इजा करत असेल, नको तिथे हात लावत असेल, किंवा तुम्हालाच स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर ते मी गुपित ठेवणार नाही, मदत मिळेल तिथपर्यंत नेणार. हा स्वभावाचा नव्हे, कायद्याचा भाग आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, आणि ती लपवणं हा गुन्हा आहे. मुलांसाठीची १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ या दोन्ही हेल्पलाइनना फोनचे पैसे पडत नाहीत. दोन्ही नंबर वर्गात मुलांच्या उंचीवर लिहिलेले असावेत, कार्यालयातल्या फलकावर नव्हे.

शिक्षक समुपदेशक नाही. मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, खाणं-झोपणं बिघडलं असेल, आवडीचं सगळं सोडून देत असेल, तर शब्दांच्या तक्त्याने काही होत नाही. पालकांना बोलवावं, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी. ‘लोक काय म्हणतील’ याला उत्तर देण्यात माझे अनेक शनिवार गेले आहेत.

मैदान आणि गुण, थोडक्यात

पाच ते सतरा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे शिष्यवृत्तीचा सराव आला की पहिला बळी पडतो तो खेळाचा तास. मीही घेतलाय तो, खोटं कशाला बोलू. पण खेळाचा तास झाला तरी एक काटा राहतो : दोन कप्तान उभे करून गडी निवडायला लावणं. शेवटी उरलेलं मूल रोज तेच असतं आणि ते सगळ्यांसमोर उरतं. चिठ्ठ्या टाका, वाढदिवसाच्या महिन्याने संघ पाडा, काहीही करा. लंगडी, खो-खो, लगोरी यांत तसं प्रत्येकाला काम मिळतं. क्रिकेटमध्ये दहा जण उन्हात उभे राहतात आणि बॅट ज्याची तोच खेळतो.

गुणांचं म्हणाल तर आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाच्या नोंदी आम्ही करतोच. पेपर उलटा करून हातात द्यावा, आणि वर एक वाक्य लिहावं : काय जमलं, पुढच्या वेळी कोणतं एक गणित पुन्हा बघायचं. चौतीस वाक्यं लिहायला दीड तास लागतो. तो दीड तास ऑनलाइन माहिती भरण्यातून कसा काढायचा, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हडप्पाचे सहा तुकडे

आता जिने माझ्या वर्गाचा नूर बदलला त्या पद्धतीकडे येते. ती आपल्याकडची नाही. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं गेलं आणि शाळाशाळांत मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं. त्याने पाचवीच्या वर्गात मागे बसून पाहिलं : बाई प्रश्न विचारतात, सात-आठ हात वर जातात, एकाला संधी मिळते, बाकीचे तो चुकावा म्हणून वाट बघतात. एकाचं चुकणं ही दुसऱ्याची संधी. असल्या वर्गात ‘प्रेमाने राहा’ हा उपदेश काय कामाचा? त्याने उपदेश केला नाही, कामाची मांडणीच बदलली. धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाच्या हाती एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा असेल तर बाकीच्यांचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. चित्रकोड्याचे तुकडे जोडावेत तसं.

मी हे सहावीच्या इतिहासातल्या हडप्पा संस्कृतीच्या पाठावर केलं. तुकडे सहा : घरं आणि नगररचना, मुद्रा आणि भांडी, महास्नानगृह, लोकजीवन, व्यापार, ऱ्हासाची कारणं. सहा-सहांचे गट. गट मीच पाडले, मित्र-मैत्रिणी मुद्दाम वेगळे केले. आमचे चौतीस, दोन गटांत पाचच जण, तिथे एकेका चुणचुणीत पोराला दोन तुकडे दिले. प्रत्येकाला फक्त आपला कागद.

आपला कागद एकदा वाचून झाला की मुलं गट सोडतात. सगळ्या गटांतले महास्नानगृहवाले एका कोपऱ्यात, व्यापारवाले दुसऱ्या कोपऱ्यात. तिथे ती आपला तुकडा एकमेकांना विचारून पक्का करतात, आणि आपल्या गटाला कसा सांगायचा त्याची तालीम करतात. सगळी गंमत या कोपऱ्यात आहे. वाचन कच्चं असलेलं मूल इथे दुसऱ्या चौघांचं ऐकून तयार होतं. ऐनवेळी गटासमोर त्याची फजिती होत नाही. मग सगळे आपापल्या गटात परततात आणि पाळीपाळीने शिकवतात. शेवटी छोटी चाचणी, ज्याची त्याची वेगळी. दोन तास जोडून घ्यावे लागतात आणि शेजारच्या वर्गाची माफी आधीच मागून ठेवावी लागते.

पहिल्या वेळी सगळं फसलं. हुशार मुलींनी बाकीच्यांचे कागद ओढून घेतले, ‘दे, मी वाचते’ म्हणत. दुसऱ्या वेळी नियम केला की गटात परतताना कागद माझ्याकडे जमा करायचे. तिसऱ्या वेळेपासून पोरांना प्रश्न विचारायची सवय लागली. ‘लवकर सांग की’ याच्या जागी ‘म्हणजे पाणी बाहेर कुठून सोडायचे?’ असं ऐकू यायला लागलं. अरॉन्सनच्या वर्गातही हेच झालं होतं : ज्याला इंग्रजी धड बोलता येत नव्हतं त्या मुलाला आधी हसले, आणि त्याची माहिती आपल्याला लागणार आहे हे कळल्यावर नीट विचारायला शिकले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत या पद्धतीचा गुण सारखाच ठळक दिसला असं नाही, हेही खरं. वर्ग कसा आहे, शिक्षकाला गोंधळ किती सोसतो, यावर पुष्कळ अवलंबून. महिन्यातून दोनदा करावं. रोज केलं तर त्याचाही परिपाठ होतो.

खिडकीकडेच्या त्या मुलाच्या वाट्याला महास्नानगृह आलं होतं. कोपऱ्यातल्या तालमीत तो काही बोलला नाही. पण मधल्या सुट्टीत मैदानावर पावलं टाकत मोजताना दिसला. मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, हे त्याच्या कागदावर होतं. चुन्याची फक्की घेऊन त्याने कबड्डीच्या मैदानाशेजारी तेवढा चौकोन आखला. मग दुसऱ्या दिवशी गटात सांगायची पाळी, आणि हा गैरहजर.

हजेरी घ्यायच्या आधीच त्याच्या गटातल्या दोघी टेबलाशी आल्या. “मॅडम, तो आला नाही. आमचं स्नानगृह कोण सांगणार?” मी म्हटलं, दुसऱ्या गटातल्याला विचारा. “त्यांनी आखलेलं नाय. यानं आखलंय. पायऱ्या कुठनं होत्या ते यालाच माहितंय.” मधल्या सुट्टीत गटातला एक जण सायकल काढून तांड्यावर गेला, मला न विचारता, त्याबद्दल त्याला नंतर ओरडा बसलाच. परत आला तो डबलसीट. मागे बसलेल्याच्या अंगात गणवेशाचा शर्ट, खाली घरची पँट, आणि तोंडावर झोप. आई-बाप ऊसतोडीला गेलेत, धाकटीला ताप आहे, आजी एकटी आहे, असं त्याने मला सांगायला सुरुवात केली.

“ते मग सांग,” गटातली पोरगी म्हणाली, “आधी पायऱ्या दाखव,” आणि त्याला मैदानाकडे ओढत घेऊन गेली.